आईच्या पाठीमागे

"आई पडतेय," रायमो म्हणाला.

हॉलच्या पांढऱ्या भिंतीवर चित्र संथपणे सरकत होतं. हिल्काने मागे वळून भावाकडे पाहिलं. तो घडीच्या खुर्चीवर बसला होता, टोपी मांडीवर, आणि अंगातला कोट त्याने अजून काढला नव्हता. चाळीस वर्षं बंदरात खनिजाच्या धक्क्यावर काम केल्यामुळे त्याचा आवाज कायम थोडा वरच्या पट्टीतला असे. आत्ता मात्र तो हळू बोलला होता. "पडत नाहीये रे," हिल्का म्हणाली, "कॅमेरा डावीकडे सरकतोय, म्हणून तसं वाटतं." "असेल," रायमो म्हणाला. मग थोडं थांबून, "पण पडतेय."

शनिवारी प्रदर्शन उघडायचं होतं. अमेरिकेत सरोवरकाठी वसलेल्या डुलुथच्या चढावरचा हा जुना कामगार संघाचा हॉल मॅरिटने आता चित्रांसाठी चालवायला घेतला होता आणि पहिलाच मान हिल्का कांगासला दिला होता. शहरातल्या बहुतेक घरांत हिल्काने काढलेला एखादा तरी फोटो होता: लग्नातला, शाळेतला, नाहीतर वर्तमानपत्रातून कापून ठेवलेला. साठी उलटल्यावर तिने संध्याकाळच्या वर्गाला जाऊन ही नवी विद्या शिकून घेतली होती. जुना, सपाट फोटो घ्यायचा. त्यातली माणसं, झाडं, जहाजं कडेकडेने कापून वेगळी करायची. प्रत्येकाचा एक थर, कोणी पुढे, कोणी मागे. माणूस उचलला की त्याच्यामागे भोक पडतं. तिथे काय असेल ते अंदाजाने भरायचं. मग माणसाला गोलाई द्यायची आणि मधल्या पोकळीतून कॅमेरा फिरवायचा. बर्फात अडकलेल्या जहाजाचं नाक तिने असं भिंतीतून बाहेर काढलं होतं की मॅरिट चक्क दोन पावलं मागे सरली होती. धक्क्यावरच्या मजुरांच्या तोंडची वाफ हलत होती. आणि सगळ्यांत शेवटी, मोठ्या भिंतीवर, हे: मागच्या दाराच्या पायऱ्यांवर आई. बदामी कोट, डोक्याला रुमाल, एक हात आठ वर्षांच्या रायमोच्या टोपीवर. रायमोच्या पायांत रबरी बूट. पायऱ्यांशी बर्फ वितळून काळी माती दिसत होती. आईच्या मागे अर्धवट उघडं दार. हा हिल्काचा पहिला फोटो. बाराव्या वाढदिवसाला वडिलांनी कॅमेरा दिला, आणि त्याच आठवड्यात काढलेला. दोन हिवाळे आजारी असलेली आई त्या दिवशी उठून बाहेर येऊन उभी राहिली होती. मुलाखतींतून हिल्का हे इतक्यांदा बोलली होती, की ते आता तिला स्वतःची आठवण न वाटता पाठ केलेला धडा वाटे.

"पुन्हा लाव," रायमो म्हणाला. तिने लावलं. कॅमेरा आईच्या खांद्याजवळून वळू लागला, दाराची चौकट मागे सरकली, आणि आता तिलाही दिसलं. आईचे पाय पायरीवर होते, पण अंग पायांवर नव्हतं. ते मागे होतं, टाचांच्याही मागे. अशा स्थितीत कुणी क्षणभर उभं राहू शकत नाही. सपाट फोटोत दाराची उभी चौकट आईला चिकटून होती म्हणून डोळा फसत होता. चौकट दूर झाल्याबरोबर आई हवेत रेलली होती. "सरळ कर ना तिला," रायमो उठत म्हणाला, "तुला येतं ते सगळं." मग त्याने टोपी घातली आणि खुर्ची घडी करून भिंतीला लावून ठेवली, कुणी सांगितलं नसताना.

सरळ करणं अवघड नव्हतं. घरी येऊन तिने आईचा थर उचलला, टाचेशी खिळला आणि थोडा पुढे फिरवला. आई सरळ झाली. पण तिचा चेहरा आता वेगळाच दिसत होता, हुकूम ऐकून उभ्या राहिलेल्या माणसासारखा. मूळ फोटोत हनुवटी थोडी वर होती, मान सैल होती, आणि त्या सैलपणातच, लोक म्हणत, त्या बाईचं बरं होणं दिसतं. हिल्काने बदल पुसून टाकला. खिडकीबाहेर उतारावरची घरं, त्यांच्या खाली बंदर, आणि बंदरापलीकडे सरोवर, अजून करड्या बर्फाखाली. तिला आठवलं ते आईचं झोपणं. भिंतीकडे तोंड. पाठीवरची राखाडी शाल, आणि शालीखालचा श्वास इतका बारीक, की शाळेतून आल्यावर ती दारात उभी राहून तो मोजू पाही. बाळ गेलं होतं. बाळाला नाव नव्हतं, म्हणून त्याबद्दल बोलायचं तर सुरुवात कुठून करायची हे कुणालाच माहीत नव्हतं. घरात एकच शब्द होता: आजारी. वडील तो शब्द दबक्या आवाजात उच्चारत आणि वाफेच्या अंघोळीची सौना तापवायला निघून जात. मग त्या दोन हिवाळ्यांत हिल्काची वेणी कोण घालत होतं? प्रश्न असा आला, की जणू कुणी शेजारच्या खोलीतून विचारला. वेणी घट्ट असे. कपाळाची कातडी ओढली जाई इतकी घट्ट. आणि मानेवर गार बोटं, साबणाचा वास असलेली.

तिने फळीवरून डबे काढले. कामासाठी तिने घेतला होता तो मोठा, सुबक छापलेला फोटो. खूप वर्षांपूर्वी वर्तमानपत्रासाठी तिने स्वतःच तो साफसूफ केला होता. मूळ निगेटिव्ह इतक्या वर्षांत कुणी पाहिलीच नव्हती. ती उजेडाच्या पेटीवर ठेवून, भिंग लावून ती वाकली. आईच्या कोटाच्या पट्ट्यापाशी, उजव्या कुशीवर, चार लहान काळे डाग. निगेटिव्हमध्ये काळे, म्हणजे खरे पांढरे. डाग म्हणूनच तिने ते त्या वेळी बारीक ब्रशाने बुजवले होते. आता आठवलं, रसायनाचा ओघळ असेल असं वाटलं होतं तिला. ते डाग नव्हते. ती बोटं होती. कुणीतरी आईच्या मागे, दारात, आईच्या कोटाआड पूर्ण लपून उभं होतं आणि तिला कंबरेशी धरून होतं. हिल्का सरळ बसली. भीती वाटली नाही. उलट घर एकदम शांत झालं, फ्रीजची घरघर थांबल्यावर होतं तसं.

तिने रायमोला फोन लावला.

"वडील कुठे होते फोटो काढताना?"

"तुझ्याशेजारी. तुझी कोपरं धरून. का?"

"मग आईच्या मागे कोण होतं?"

टीव्हीचा आवाज येत होता, मग तो त्याने बंद केला. "सायमीमावशी असणार," तो म्हणाला. "पण ती तर तेव्हा निघून गेली होती ना?"

"कुणी सांगितलं निघून गेली होती?"

"कुणी नाही. असंच वाटत होतं." मग, "ती आहे अजून. पुलापलीकडे, सुपीरियर गावात, म्हाताऱ्यांच्या घरात. नाताळात चर्चच्या बाजारात भेटली. मोजे विकत होती."

"आणि तू मला सांगितलं नाहीस!"

"तू विचारलं नाहीस," रायमो म्हणाला. तो रागावला नव्हता. त्यांच्या घरात असंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पूल ओलांडून गेली. गाडी चालवताना सायमीमावशी तुकड्यातुकड्याने येत राहिली. आईची शाळेतली मैत्रीण. एक पत्र्याची पेटी घेऊन आलेली. वेलदोड्याचा गोड पाव करायची, आणि त्याची वेणी हिल्काच्या वेणीसारखीच घट्ट घालायची. हसताना तोंडावर हात. फोटो काढू म्हटलं की कोठीत पळायची. पण चेहरा येईना. हिल्काने आयुष्यभर चेहऱ्यांवर पोट भरलं होतं. एकदा पाहिलेली नवरी ती वीस वर्षांनी दुकानात ओळखत असे. आणि जिने दोन हिवाळे तिला न्हाऊमाखू घातलं तिचा चेहरा शोधताना फक्त गार बोटं हाती लागत होती. त्या बाईचं घरातून जाणंही आठवेना. दार लागल्याचा आवाज नाही, निरोप नाही. एक दिवस पाव विकतचा आला, एवढंच.

सायमी लाहती खिडकीपाशी विणत बसली होती. लहानशी, पाठ वाकलेली, पण डोळे चिमणीसारखे. हिल्काने नाव सांगितलं.

"इर्माची पोर?" म्हातारीने सुया खाली ठेवल्या. "ये, ये. अगं, म्हातारी झालीस की तू! मला वाटलं मीच एकटी झाले."

हिल्का हसली, आणि हसल्यावर तिला एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून तिने घाईने लॅपटॉप उघडला. निगेटिव्हवरून नव्याने घेतलेलं चित्र दाखवलं, बोटं मोठी करून. सायमी चष्मा कपाळावर सरकवून जवळ झुकली. बराच वेळ पाहिलं.

"ही माझीच," ती म्हणाली. "बघ, करंगळी वाकडी आहे. गाईने तुडवली होती."

"मला माहीतच नव्हतं, मावशी."

"तुला माहीत होऊ नये म्हणून तर लपले होते. इर्मा आदल्या रात्री म्हणाली, पोरगी उद्या माझा फोटो काढणार आहे. मी उभी दिसले पाहिजे. मी म्हटलं, तुला खाटेवरून मोरीपर्यंत जाववत नाही आणि उभी कसली राहतेस! तर म्हणे, तू धर मला मागून. दिसू नकोस. आणि तू गं! केवढा वेळ लावलास! हलू नका, हलू नका, म्हणून बापासारखी ओरडत होतीस. इर्माचं वजन काय, कोंबडीएवढं. तरी माझे गुडघे लटपटायला लागले. फोटो निघाला आणि ती अशी हसायला लागली, म्हणाली, सायमी, तुझं नाक माझ्या पाठीत टोचतंय. ते हसू काही तुला मिळालं नाही."

"नाही," हिल्का म्हणाली. तिला ते हसू आठवत नव्हतं. कॅमेऱ्याचा खटका पडल्यावर ती बहुधा खाली बघून फिल्म पुढे सरकवत असेल. आयुष्यभर तिने हेच केलं होतं. लोक सैल होत, तेव्हा ती पुढच्याची तयारी करत असे.

एक बाई कॉफी ठेवून गेली. सायमी ती बशीत ओतून, फुंकर घालून प्यायली. हिल्काने विचारलं, "मग तू का गेलीस? आईने जा म्हटलं?"

"छे गं. एका शब्दाने म्हटलं नाही." सायमीने तोंड पुसलं. "पण बरी झाल्यावर ती माझ्यासमोर बसून जेवेना. उभ्यानेच जेवायची, ओट्याशी, पाठ करून. महिनाभर पाहिलं मी. मला बघितलं की तिला ती खोली आठवायची, दुसरं काय. मग मी इथे दवाखान्याच्या स्वयंपाकघरात लागले, नवरा भेटला, चांगला होता. इर्मा दर नाताळात कार्ड पाठवायची. आत फक्त नाव. मीही तसंच पाठवायची."

खिडकीबाहेर रुळांवरून मालगाडी जात होती, डब्यामागून डबा. दोघींनी ती संपेपर्यंत वाट पाहिली. मग हिल्काने आपलं काम काय आहे ते सांगितलं. चित्र कसं फिरतं, आई कशी पडते. सरळ केली तर चेहरा खोटा होतो. आणि मागून धरणारी दाखवली तर आईने जे लपवायला सांगितलं तेच भिंतीवर येतं. "तू सांग काय करू."

"मला काय विचारतेस? तिला विचार."

"तिला कसं विचारू आता?"

"मग मलाही विचारू नकोस," सायमी म्हणाली, पण प्रेमाने. नंतर तिने लॅपटॉपवरचं चित्र पुन्हा पाहिलं आणि मान हलवली. "तू हात चुकीचे काढशील. उजवा कुशीला होता, पण जोर सगळा डाव्यात. डावा इथे, खांद्याच्या पात्याखाली. थांब, ऊठ."

"मावशी, तू कशाला—"

"ऊठ म्हणते ना. पाठ कर."

हिल्का उठली आणि पाठ करून उभी राहिली. मागे वॉकर बाजूला सरल्याचा आवाज आला, खुर्ची कुरकुरली, श्वास जवळ आला. मग एक हात कुशीवर आणि दुसरा पाठीवर, मधोमध, उघडा तळवा. गार. कपड्यातूनही गार. "आता सोड अंग," सायमी म्हणाली. हिल्काने थोडं सोडलं. "नाही सोडलंस. सोड." आपण पडू, ही पडेल, कुणीतरी आत येईल, असं सगळं एकदम मनात आलं, आणि तरी पाठीतला कुठलासा स्नायू, जो किती वर्षं आवळून धरला होता हे तिलाच माहीत नव्हतं, हळूहळू उघडला. वजन त्या तळव्यावर गेलं. समोरची खिडकी किंचित वर सरकली. तिची हनुवटी आपोआप वर आली, मान सैल झाली, आणि तिच्या लक्षात आलं की आपला चेहरा आत्ता कसा झाला असेल. तिला तो पुरता ओळखीचा होता. लोक ज्याला आईचं बरं होणं म्हणत, तो हा होता. बरं होणं नव्हतं ते. कुणीतरी धरलं आहे हे पाठीला कळणं होतं. "अशी," सायमी तिच्या मणक्यापाशी म्हणाली, "अशी उभी होती ती. आता हो बाजूला, नाहीतर दोघींना उचलायला माणसं बोलवावी लागतील."

पुढच्या दोन दिवसांत हिल्काने फारसं काही खाल्लं नाही, पण तिला बरं वाटत होतं. तिने हात घडवले, मग खांदे, मग वाकलेली मान, आईच्या पाठीत रुतलेलं नाक. सायमीचा चेहरा आठवत नव्हता आणि आता तो लागणारही नव्हता. तो आईच्या कोटातच होता. कॅमेरा बाजूने वळून मागे जाई आणि तिथे ती दिसे, पाय फाकवून उंबऱ्यावर रोवलेली, निळा स्वेटर, सगळं अंग एखादं जड कपाट पेलल्यासारखं ताठ. आणि आई आता पडत नव्हती. एका अंशानेही तिला हलवलं नव्हतं. हिल्काने ते पुन:पुन्हा फिरवून पाहिलं. इतकं खरं काम तिच्या हातून कधी झालं नव्हतं. आणि शुक्रवारी दुपारी तिने मॅरिटला फोन करून सांगितलं की मोठ्या भिंतीवर हलतं चित्र लागणार नाही. साधा फोटोच टांगायचा, मूळ निगेटिव्हवरून छापलेला, बोटांसकट.

"अगं, तेच तर बघायला लोक येणार!" मॅरिट म्हणाली. "बिघडलंय का काही?"

"नाही, चांगलं झालंय," हिल्का म्हणाली. "पण दोघींचं आहे ते. एकीने नको म्हटलं होतं आणि दुसरीने अजून हो म्हटलेलं नाही."

प्रदर्शन नीट पार पडलं. लोकांनी जहाजाची तारीफ केली, मजुरांमध्ये आपापले आजोबा शोधले. आईसमोर ते थोडा वेळ थांबत आणि पुढे जात. बोटं कुणालाच दिसली नाहीत. रायमो तेवढा तिथे उभा राहिला, चेहरा फोटोच्या अगदी जवळ नेऊन, आणि मग येऊन बहिणीशेजारी उभा राहिला. "पावाची आठवण आली," एवढंच म्हणाला.

रविवारी ती दोघं सुपीरियरला गेली. रायमोने वाटेत फुलं घेतली आणि ती कुणी पाहू नये अशी कोटाआड धरली. सायमीने त्याला पायांपासून वरपर्यंत न्याहाळलं. "हा तो बूट न काढता झोपणारा?" रायमो लाजला. साठीला टेकलेला माणूस लाजलेला हिल्काने बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता. मग तिने लॅपटॉप टेबलावर ठेवला, पडदे ओढले आणि चित्र सुरू केलं.

आई उभी होती. कॅमेरा तिच्या खांद्यापाशी आला, वळला, कोटाची कड ओलांडली. सायमीचा हात तोंडावर गेला. चित्र थांबलं तरी तो तिथेच होता. हिल्काला वाटलं, दाखवायला नको होतं.

"स्वेटर पिवळा होता," सायमी म्हणाली.

"पिवळा?"

"मोहरीसारखा. निळा माझ्याकडे कधीच नव्हता. निळ्यात मी आजारी दिसते."

हिल्काने तिथेच तो रंग बदलला. पिवळा थोडा जास्त झाला, मग कमी केला, मग सायमीने मान डोलावली. "पुन्हा लाव." पुन्हा लावलं. या वेळी सायमी इर्माकडे पाहत नव्हती. ती स्वतःच्या पाठीकडे पाहत होती. माणसाला स्वतःची पाठ कधी दिसत नाही, आणि ही तर पन्नास वर्षांपूर्वीची होती.

"लोकांना दाखव हे," ती अखेर म्हणाली.

"आईने सांगितलं होतं..."

"तिला उभं दिसायचं होतं. दिसतेय ना उभी?" सायमीने नाक पुसलं. "आणि उभी तर मीही होतेच की."

रायमोने खोकल्यासारखं केलं आणि खिडकीकडे वळला. हिल्काने कॅमेरा परत पुढे आणायला बोट ठेवलं, तेवढ्यात सायमीने तिचं मनगट धरलं.

"थांब. तिकडे नको. आणखी मागे ने. माझ्यामागे."

"तिथे काही नाही, मावशी. मी दारापर्यंतच केलंय." तिने सरकवून दाखवलं. सायमीच्या पिवळ्या पाठीमागे उंबरा संपत होता आणि काळोख सुरू होत होता, नुसता, सपाट.

"काही नाही कसं? स्वयंपाकघर आहे," सायमी म्हणाली. तिने खुर्ची जवळ ओढून घेतली आणि काळ्या पडद्यावर वाकडी करंगळी टेकवली. "डावीकडे चूल. चुलीवर दूध ठेवलं होतं मी, आणि तू इतका वेळ लावलास की ते उतू जायला लागलं. सगळं ऐकू येत होतं मला, चर्र चर्र, पण इर्माला सोडता येईना. काढ ना. चूल डावीकडे."

हिल्काने नवा थर उघडला.